उसापासून पेला, पण पेल्यापासून माती?

उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या दुकानात गार कॉफी किंवा फळांचा रस घेतला, तर तो कधी कधी काचेसारख्या लखलखीत, पारदर्शक पेल्यात मिळतो. पेल्यावर हिरव्या पानाचे चित्र असते आणि "वनस्पतींपासून बनविलेला" किंवा "कंपोस्ट होणारा" असे शब्द छापलेले असतात. हाताला तो प्लॅस्टिकचा वाटतो आणि तो असतोही प्लॅस्टिकचाच! मात्र हे प्लॅस्टिक खनिज तेलापासून काढलेले नसते. मका, ऊस यांसारख्या पिकांतील पिष्ट व साखर यांपासून ते तयार करतात. त्याचे नाव आहे पॉलिलॅक्टिक अम्ल. व्यवहारात त्याला थोडक्यात 'पीएलए' म्हणतात.

वनस्पतीपासून तयार झालेली वस्तू वनस्पतीसारखीच कुजून मातीला मिळेल, असे आपल्याला सहज वाटते. पत्रावळ उकिरड्यावर टाकली की काही आठवड्यांत दिसेनाशी होते. मग हा पेलाही तसाच नाहीसा होईल काय? की शेतात, नाल्यात, समुद्रकिनाऱ्यावर तो इतर प्लॅस्टिकसारखाच पडून राहील? या प्रश्नाचे उत्तर पेल्यावरच्या चित्रात नाही, ते त्याच्या रेणूंत आहे. तेव्हा प्रथम रेणूंकडे वळू या.

दह्यातील अम्ल

दुधाचे दही होताना दुधातील साखरेचे जीवाणू एका अम्लात रूपांतर करतात. दह्याचा आंबटपणा याच अम्लाचा. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून ते वेगळे केले. दुधावरून त्याला लॅक्टिक अम्ल असे नाव पडले. पुढे 1857 मध्ये लुई पाश्चर यांनी हे अम्ल सूक्ष्मजीवांच्या क्रियेने, म्हणजे किण्वनाने, तयार होते असे दाखविले. जोरात धावताना आपल्या स्नायूंतही हेच अम्ल तयार होते. थोडक्यात, पीएलएचा मूळ घटक आपल्या ओळखीचाच आहे.

लॅक्टिक अम्लाच्या रेणूला जणू दोन हात असतात. एक हात अम्लगटाचा, दुसरा हायड्रॉक्सिल गटाचा. एका रेणूचा अम्लगट शेजारच्या रेणूच्या हायड्रॉक्सिल गटाला जोडला गेला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोघांमध्ये एस्टर बंध तयार होतो. असे हातात हात घालून हजारो रेणू उभे राहिले, की एक लांबच लांब साखळी होते. एकाच प्रकारचे छोटे रेणू पुन:पुन्हा जोडून झालेल्या अशा महारेणूला बहुवारिक म्हणतात. सर्व प्लॅस्टिके ही बहुवारिकेच आहेत.

ऐकायला हे सोपे वाटते, पण करायला गेल्यास एक अडचण येते. जोडणी होताना जे पाणी बाहेर पडते, तेच पाणी तयार झालेले बंध पुन्हा तोडू लागते. त्यामुळे साखळ्या आखूडच राहतात आणि अशा आखूड साखळ्यांचा पदार्थ ठिसूळ होतो. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स यांनी 1932 च्या सुमारास या बहुवारिकावर काम केले होते, परंतु उपयोगी पडेल इतका मजबूत पदार्थ त्यांना मिळाला नाही. पुढे त्यावर एक युक्ती निघाली. लॅक्टिक अम्लाचे दोन-दोन रेणू जोडून आधी 'लॅक्टाइड' नावाचे लहान कडे तयार करायचे, ते शुद्ध करायचे, आणि मग कथिलाच्या एका संयुगाचा उत्प्रेरक म्हणून उपयोग करून ही कडी उघडत उघडत एकापुढे एक गुंफायची. कडी उघडताना पाणी बाहेर पडत नाही. साहजिकच साखळी हवी तेवढी लांब करता येते.

बरीच वर्षे हा पदार्थ महाग होता आणि शस्त्रक्रियेतील शरीरात विरणारे टाके व स्क्रू यांसारख्या कामांसाठीच त्याचा विचार होई. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ब्लेअर या गावी 2002 मध्ये मक्यापासून पीएलए करणारा मोठा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे 1 लाख 40 हजार टन होती. त्यानंतर पेले, झाकणे, डबे अशा रोजच्या वस्तू त्यापासून होऊ लागल्या. थायलंडमध्ये रायाँग येथे 2018 पासून उसाच्या साखरेपासून पीएलए तयार होत आहे. भारतातही या दिशेने पावले पडत आहेत. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने 2024 मध्ये अशा जैव-बहुवारिकांचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.

एका पेल्याला किती ऊस?

हा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल. उसाच्या साखरेचा रेणुभार 342. तिच्या एका रेणूपासून, पाण्याचा एक रेणू घेऊन, लॅक्टिक अम्लाचे 4 रेणू मिळतात. साखळीत बसताना लॅक्टिक अम्लाचा प्रत्येक रेणू (रेणुभार 90) पाण्याचा एक रेणू (रेणुभार 18) गमावतो. उरतात 72. म्हणजे 342 ग्रॅम साखरेपासून जास्तीत जास्त 4 × 72, अर्थात 288 ग्रॅम पीएलए मिळेल.

समजा, पेल्याचे वजन 10 ग्रॅम आहे. त्याला सुमारे 12 ग्रॅम साखर लागेल, म्हणजे चहाचे अडीच-तीन चमचे. उसाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के साखर मिळते असे धरले, तर एका पेल्यामागे सुमारे 120 ग्रॅम ऊस झाला. हजार पेल्यांना 120 किलोग्रॅम! प्रत्यक्षात काही साखर सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी वापरतात, काही वाया जाते, म्हणून ऊस याहून थोडा अधिकच लागतो.

हा ऊस पिकवायला जमीन, पाणी, खत आणि वीज लागते, हे विसरून चालणार नाही. शिवाय कारखान्यातही एक गोष्ट साठत जाते. किण्वन चालू असताना अम्ल वाढले की जीवाणूंनाच ते सोसत नाही. म्हणून जुन्या पद्धतीत चुना घालून अम्लाचे कॅल्शियम लॅक्टेट करतात आणि शेवटी गंधकाम्ल घालून लॅक्टिक अम्ल मोकळे करतात. या खटाटोपात 1 टन लॅक्टिक अम्लामागे जवळजवळ 1 टन जिप्सम तयार होते. अलीकडे अम्लता सहन करणारे यीस्ट वापरून हे प्रमाण कमी करण्यात यश आले आहे.

साठ अंशांची गोष्ट

आता पीएलएचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म पाहू. या पेल्यात गार सरबत चालते, पण उकळता चहा ओतला तर पेला मऊ पडून वाकतो. असे का होते?

कमी तापमानाला पीएलएच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जणू गोठलेल्या असतात. त्यामुळे पेला कडक राहतो. तापमान सुमारे 55 ते 60 अंश सेल्सियसपर्यंत गेले की साखळ्यांचे लहान लहान भाग हालचाल करू लागतात आणि पदार्थ मऊ होतो. या तापमानाला काच-संक्रमण तापमान असे म्हणतात. पदार्थ येथे वितळत नाही. वितळण्यासाठी त्याला 150 अंशांच्या वर जावे लागते. तो फक्त आपला ताठपणा सोडतो. चहा पेल्यात पडतो तेव्हा 80 अंशांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पेला का वाकतो ते कळेल. गरम पेयांसाठी पीएलएच्या साखळ्या स्फटिकांसारख्या शिस्तीत बसवून अधिक उष्णता सोसणारा प्रकार तयार करतात. झाकणे व चमचे बहुधा याचे असतात. मात्र त्यात पारदर्शकपणा राहत नाही.

गंमत अशी, की ज्या साठ अंशांमुळे पेल्यात चहा चालत नाही, त्याच साठ अंशांवर पेल्याचे कुजणेही अवलंबून आहे. ते कसे, ते पाहू.

आधी पाणी, मग जीवाणू

पळसाचे पान कुजते, कारण त्यातील सेल्युलोज तोडणारी एंझाइमे अनेक बुरश्या व जीवाणू स्वतःच तयार करतात. कोट्यवधी वर्षे पाने जमिनीवर पडत आली आहेत. तेवढ्या काळात त्यांना खाणारे जीवही निर्माण झाले. पीएलए मात्र सृष्टीला अगदी नवे आहे. त्याची लांब साखळी थेट तोडू शकणारे सूक्ष्मजीव फार थोडे आहेत, आणि एवढा मोठा रेणू पेशीच्या आत जाऊ शकत नाही.

म्हणून पीएलएचे विघटन दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा पाण्याचा. पाणी पेल्याच्या भिंतीत शिरते आणि एस्टर बंध एक-एक करून तोडते. याला जलीय विच्छेदन म्हणतात. साखळी करताना ज्या पाण्याने अडचण आणली, तेच पाणी येथे उपयोगी पडते! साखळ्यांचे तुकडे पुरेसे आखूड झाले, की दुसरा टप्पा सुरू होतो. सूक्ष्मजीव ते तुकडे खाऊन त्यांचे कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि स्वतःचे पेशीद्रव्य यांत रूपांतर करतात.

पहिल्या टप्प्याचा वेग तापमानावर ठरतो. साखळ्या गोठलेल्या असताना पाण्याला आत शिरायला वाव नसतो. साठ अंशांच्या आसपास साखळ्या हलू लागल्या की पाणी वेगाने आत जाते आणि बंध भराभर तुटतात. याउलट 25-30 अंशांच्या जमिनीत तेच काम अतिशय मंद चालते. हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या शुद्ध पीएलएच्या स्क्रूंचे उदाहरण घ्या. शरीर 37 अंशांवर सतत ओले असते, तरीही हे स्क्रू पूर्ण विरघळायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. समुद्राची गोष्टही तशीच आहे. अमेरिकेतील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या धाग्यांची कापडे समुद्रात ठेवून पाहिली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सेल्युलोजचे कापड सुमारे महिन्याभरात विघटित झाले. पीएलएच्या कापडावर 400 हून अधिक दिवसांनंतरही विघटनाची चिन्हे दिसली नाहीत.

'कंपोस्ट होणारा' याचा अर्थ

मग पेल्यावर 'कंपोस्ट होणारा' हे खोटेच छापलेले असते काय? नाही. त्या शब्दामागे ठरावीक कसोटी आहे. भारतात आयएस/आयएसओ 17088 हे मानक त्यासाठी लागू आहे. अशा कसोट्यांत नमुना सुमारे 58 अंश तापमानाच्या, ओलसर आणि हवा खेळती असलेल्या कंपोस्टमध्ये ठेवतात. 12 आठवड्यांत त्याचे तुकडे इतके बारीक व्हावे लागतात, की 2 मिलिमीटरच्या चाळणीवर दहावा हिस्साही उरू नये. तसेच 180 दिवसांत त्यातील किमान 90 टक्के कार्बनाचे कार्बन डायॉक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. पीएलएचा पातळ पेला ही परीक्षा उत्तीर्ण होतो.

पण हे तापमान मिळते कोठे? कचऱ्याचा ढीग मोठा असेल, त्यात ओला व सुका भाग योग्य प्रमाणात असेल आणि तो वेळोवेळी उलथापालथ केला जात असेल, तर सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने निर्माण होणारी उष्णता ढिगात कोंडून राहते आणि तापमान 55 ते 65 अंशांवर जाते. घरातील कुंडी किंवा गच्चीवरील लहान पिंप यांची स्थिती वेगळी असते. आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता लगेच बाहेर निसटते. अशा कुंडीत भाजीची देठे कुजतील, चहाचा चोथा कुजेल, पण पेला कित्येक महिन्यांनी जसाच्या तसा हाती लागेल.

रस्त्यावर, नाल्यात किंवा कचरा डेपोत पडलेल्या पेल्याचे काय होईल, हे आता वेगळे सांगायला नको. तेथे तो इतर कोणत्याही प्लॅस्टिकसारखाच वागतो. गटार तुंबवतो आणि गाईच्या पोटातही जातो.

उगम एक, शेवट दुसरा

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. एखादे प्लॅस्टिक कशापासून बनले हा एक प्रश्न आहे आणि ते कुजते का हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. उदाहरणे पाहा.

1. खनिज तेलापासून बनलेले, न कुजणारे: पॉलिएथिलीन, पॉलिस्टायरीन.
2. वनस्पतीपासून बनलेले, तरीही न कुजणारे: उसाच्या अल्कोहोलापासून केलेले पॉलिएथिलीन. त्याचा रेणू तेलापासून केलेल्या पॉलिएथिलीनसारखाच असतो.
3. खनिज तेलापासून बनलेले, पण कुजणारे: पॉलिकॅप्रोलॅक्टोन.
4. वनस्पतीपासून बनलेले आणि कुजणारे: पीएलए, पण फक्त उष्ण कंपोस्टमध्ये.

चौथ्या गटात काही जीवाणूंच्या पेशीत साठणारे एक बहुवारिकही येते. मॉरिस लेमॉन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते 1926 मध्ये शोधले. निसर्गातच तयार होत असल्यामुळे ते खाणारे सूक्ष्मजीव माती व समुद्र या दोन्ही ठिकाणी आढळतात. अजून ते महाग पडते.

मग फायदा कोठे?

पीएलएचा खरा फायदा कार्बनच्या हिशेबात आहे. त्याच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो. 10 ग्रॅमच्या पेल्यातील 5 ग्रॅम कार्बन उसाने हवेतील सुमारे 18 ग्रॅम कार्बन डायॉक्साइड शोषून मिळवलेला असतो. पेला कुजला तरी तेवढाच वायू हवेत परत जातो. तेलापासून केलेला पेला जाळला, तर लाखो वर्षे जमिनीखाली असलेला कार्बन हवेत येतो. अर्थात शेती, वाहतूक आणि कारखाना यांसाठी जाळलेले इंधन या हिशेबात धरावेच लागते.

दुसरा फायदा व्यवस्थेचा. एखाद्या बंदिस्त मैदानावर किंवा मोठ्या भोजनगृहात सर्व पेले-ताटल्या पीएलएच्या असतील आणि जवळच उष्ण कंपोस्टची सोय असेल, तर उष्ट्या अन्नासह सारे एकत्र टाकता येते. निवडत बसावे लागत नाही. पण हाच पेला पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकमध्ये, म्हणजे पीईटीमध्ये मिसळला, तर उलट नुकसान होते. पीईटी सुमारे 250 अंशांना वितळते आणि त्या उष्णतेत पीएलए टिकत नाही. थोड्याशा मिसळीनेही पुनर्वापराचे पीईटी गढूळ व पिवळट होते. आणि दिसायला तर दोन्ही सारखीच! कचरा वेचणाऱ्या हातांनी ती ओळखावी तरी कशी?

वर्गात करून पाहा

ओळखण्याचे काम आपण प्रयोगाने करू. निरनिराळ्या पेल्यांचे बोटाच्या नखाएवढे तुकडे कापा. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी पुसून टाका.

पहिली पायरी. तुकडे साध्या पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन (घनता सुमारे 0.9) तरंगेल. बाकीचे बुडतील.

दुसरी पायरी. बुडालेले तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात टाका. 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते आणि द्रावणाची घनता 1.2 होते. पॉलिस्टायरीन (1.05) तरंगेल. पीएलए (1.24) व पीईटी (1.38) बुडतील.

तिसरी पायरी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. उरलेल्या पेल्यांच्या लांब पट्ट्या कापून 65 अंशांच्या पाण्यात चिमट्याने धरा. पीएलएची पट्टी मऊ पडेल. पीईटीची तशीच ताठ राहील, कारण तिचे काच-संक्रमण तापमान 70 अंशांच्या वर आहे.

एक प्रयोग लांब मुदतीचा. पीएलएची पट्टी, वर्तमानपत्राची पट्टी आणि एक वाळलेले पान पातळ जाळीच्या पिशव्यांत घालून शाळेच्या खतखड्ड्यात पुरा. दर पंधरा दिवसांनी खड्ड्याचे तापमान मोजा, पिशव्या उघडून पाहा आणि वहीत नोंद करा. सहा महिन्यांनी तुमच्या खड्ड्यापुरते उत्तर तुमच्याच हाती असेल.

स्नेहसंमेलनाचा प्रश्न

महाराष्ट्रात 2018 मध्ये आणि देशभर 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून टाकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्यात पेलेही आहेत. देशाच्या नियमांत कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकला सवलत आहे, मात्र त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कोणी "हे पर्यावरणपूरक पेले घ्या" म्हणून सांगितले, तर विद्यार्थी मित्रांनो, तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र आहे काय? आपल्या गावात उष्ण कंपोस्टची सोय आहे काय? वापरलेले पेले वेगळे गोळा करून तेथपर्यंत नेणार कोण?

तिन्हींची उत्तरे मिळाली तर ते पेले जरूर घ्यावेत. नाही मिळाली, तर गावातील भांडारातून स्टीलचे पेले भाड्याने आणावेत आणि ते विसळण्यासाठी पाळ्या लावाव्यात. हजार मुलांच्या सरबतामागे 120 किलोग्रॅम ऊस वाचेल आणि दुसऱ्या दिवशी मैदानही स्वच्छ राहील.